स्वायत्तता सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी मांडतो. परदेशात पीएचडी करून तुम्ही परत आलात आणि वडिलांच्या पिढीने तालुक्याच्या गावी काढलेल्या शिक्षणसंस्थेत लक्ष घालताय. संस्थेची दोन सिनिअर कॉलेजं आहेत. तुम्ही विचारलंत की भारतासारख्या देशात विद्यापीठं सुधारायची तर सुरुवात कुठून करायची, अभ्यासक्रमापासून, स्वायत्ततेपासून की पैशापासून? आणि शेवटी एक ओळ जोडलीत: "आमचे अध्यक्ष म्हणतात, स्वायत्तता घेऊन टाकू, मग कुणाच्या तोंडाकडे बघायला नको." स्वायत्तता म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजानं स्वतःच्या हातात घ्यायची, पदवी तेवढी विद्यापीठाची.

खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. काय काय सुधारायला हवं याची यादी आपल्याकडे शंभर वर्षांपासून तयार आहे, आणि ती बऱ्यापैकी बरोबरही आहे. घोळ होतो तो क्रमाचा. जे शेवटी करायचं ते आपण आधी करतो, कारण ते स्वस्त असतं आणि त्याचा फोटो पेपरात छापून येतो.

मी एकतीस वर्षं एका अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. मधली काही वर्षं अभ्यास मंडळावर होतो, शेवटची काही परीक्षेच्या कामात गेली. म्हणून माझं उत्तर परीक्षा विभागाच्या खिडकीतून दिसतं तसं आहे. मंत्रालयात वित्त विभागात बसलेला माणूस वेगळं सांगेल, आणि तोही खोटं बोलत नसेल.

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. गंमत अशी की खुद्द लंडननं १९०० साली आपला कारभार बदलला आणि ते शिकवणारं विद्यापीठ झालं. आपण मात्र जुनाच साचा वापरत राहिलो. १९१७ मध्ये नेमलेल्या सॅडलर आयोगानं १९१९ च्या अहवालात हेच सांगितलं होतं की विद्यापीठानं शिकवलं पाहिजे, नुसत्या परीक्षा घेऊन भागणार नाही. त्याच धर्तीवर १९२१ ला ढाका विद्यापीठ उभं राहिलं. बाकीचा गाडा तसाच चालू राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पंधरा वर्षांत संलग्नीकरण, म्हणजे कॉलेजं परीक्षा आणि पदवीसाठी विद्यापीठाला जोडून ठेवायची ही पद्धत, संपवायचं असं लिहिलंय. म्हणजे सॅडलरसाहेबांचं म्हणणं आपण आणखी एकदा मान्य केलं.

आता हे संलग्नीकरण जमिनीवर कसं दिसतं ते बघा. केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात ४५ हजारांवर महाविद्यालयं आणि सव्वाचार कोटींवर विद्यार्थी आहेत. समजा एका विद्यापीठाकडे सहा लाख विद्यार्थी आहेत. वर्षाला दोन सत्रं, सत्राला सहा पेपर. झाल्या बहात्तर लाख उत्तरपत्रिका. एक परीक्षक दिवसाला पन्नास तपासतो असं धरा (प्रामाणिकपणे एवढ्या तपासून होत नाहीत, पण धरा). तपासायला चार हजार शिक्षक मिळाले तर प्रत्येकाचे वर्षातले छत्तीस दिवस नुसते पेपरांत जातात. पर्यवेक्षण, भरारी पथक, पुनर्मूल्यांकन, एटीकेटी हे सगळं वेगळंच. शिकवण्याचे दिवस वर्षाला १८० असावेत असा यूजीसीचा दंडक आहे. ते कुठून काढायचे?

हा ताण आपणच दुप्पट केलाय. वार्षिक परीक्षा जाऊन सत्र पद्धत आली तेव्हा मी अभ्यास मंडळावर होतो, आणि मीही हात वर केला होता. जगभर सेमिस्टर आहे, मग आपल्याकडे का नको? तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नाही. जिथे सेमिस्टर नीट चालतं तिथे शिकवणाराच पेपर काढतो आणि तपासतोही. चाळीस मुलांचा गठ्ठा घरी नेतो, आठवड्यात गुण देऊन मोकळा होतो. आपण पद्धत त्यांची घेतली आणि परीक्षा १८५७ ची ठेवली. नवं धोरण २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही आलं. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, आयकेएस अशी आद्याक्षरांची भेळ झाली. वर्गातले शिक्षक मात्र वाढले नाहीत.

कॅपमधला एक प्रसंग सांगतो. केंद्रीय मूल्यमापन केंद्राला आम्ही सगळे कॅपच म्हणतो. मे महिना, वरच्या मजल्यावरचा हॉल, चार पंख्यांतले दोन चालू. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात दहा गुणांचा प्रश्न होता: शेतमालाच्या किमतीतील अस्थिरतेची कारणे सांगा. एका उत्तराची सुरुवातच अशी होती, "आमचा कांदा चाळीत होता." मुलगा कांद्याच्या पट्ट्यातला असणार. भाव चढेल म्हणून वडिलांनी उन्हाळ कांदा श्रावणापर्यंत राखला, त्यातला तिसरा हिस्सा सडला, उरलेला ट्रॅक्टरमध्ये भरला त्याच आठवड्यात निर्यातबंदी आली, आणि लिलावाला मोजून चार व्यापारी उभे होते. हे सगळं त्यानं दीड पानात लिहिलं होतं. पुरवठा उशिरा का हलतो, साठवणुकीचा खर्च, धोरणाची जोखीम, खरेदीदार मोजके असणं हे सगळं त्यात होतं. मथळे तेवढे नव्हते. परीक्षकानं तीन गुण दिले होते.

मॉडरेटर, म्हणजे तपासलेल्यातले काही पेपर पुन्हा बघणारा, मी होतो. परीक्षकाला बोलावलं. तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीवरचा तरुण मुलगा, नेट झालेला, हुशार. तो म्हणाला, "सर, मला आठ द्यायचे होते. पण मॉडेल आन्सरमध्ये सहा मुद्दे आहेत, याच्यात त्यातला एकही त्या नावानं नाही. वर कुणी काढलं तर अख्खा गठ्ठा परत तपासायला लावतात." मी ते आठ केले. पण मॉडरेटरच्या हातात गठ्ठ्यातले मोजके पेपर येतात. बाकीच्यांत काय असतं ते कुणालाच कळत नाही.

आता बाजारातली गाईडं आठवा. मुलं ती का वाचतात? कारण पेपर तपासणारा अनोळखी माणूस त्याच सहा मुद्द्यांवर टिक करणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मी वर्गात कितीही चांगलं शिकवलं तरी परीक्षा माझी नाही, म्हणून माझं शिकवणं मुलाच्या लेखी 'सिलॅबसच्या बाहेरचं'. अभ्यासक्रम बदलून हे बदलत नाही. अभ्यासक्रम मी तीनदा बदलताना पाहिलाय. दर वेळी सहा महिन्यांत नवं गाईड आलं, आणि एकदा तर अधिकृत अभ्यासक्रम संकेतस्थळावर चढायच्या आधी आलं.

मग उपाय सरळ वाटतो की परीक्षा शिकवणाऱ्याच्या हातात द्या. मलाही तो बरीच वर्षं सरळच वाटायचा. दोन गोष्टींनी अडवलं.

पहिली अशी की शिकवणारा जागेवरच नाही. तुमच्या दोन कॉलेजांत मंजूर पदं किती, भरलेली किती आणि सीएचबीवर किती जण हे एका कागदावर लिहून काढा. तासावर पैसे मिळणारा, उन्हाळ्यात पगार नसणारा, जूनमध्ये पुन्हा मुलाखत देणारा शिक्षक गुण देताना कुणाला नाही म्हणू शकेल? प्राचार्यांच्या पुतण्याला? संस्थेच्या सदस्याच्या मुलीला? परीक्षेचं स्वातंत्र्य त्यालाच पेलतं ज्याची नोकरी कुणाच्या मर्जीवर नाही. म्हणून माझ्या क्रमात पहिलं काम पदं भरणं, आणि ती पैसे न घेता भरणं.

त्यातलं दुसरं काम पहिल्याहून अवघड आहे. आपल्या अनुदानित व्यवस्थेत पगार सरकार देतं आणि निवड संस्था करते. निवड समितीत विद्यापीठाचे आणि सरकारचे प्रतिनिधी असतात, आरक्षणाचं रोस्टर तपासलं जातं, कागद चोख असतात. तरी 'देणगी'चा आकडा काय चाललाय हे नेट-सेट झालेल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो तालुकानिहाय सांगेल. तुम्ही संस्थाचालकांच्या घरातले आहात म्हणून हे मुद्दाम तोंडावर बोलतोय. ज्यानं शेत विकून नोकरी घेतली त्याच्याकडून पुढची तीस वर्षं तुम्ही काय अपेक्षा ठेवणार?

आयोगामार्फत निवड करावी असं पुष्कळ जण म्हणतात. पश्चिम बंगालमध्ये कॉलेजांसाठी सेवा आयोग आहे. मी त्या बाजूचा आहे, पण भाबडा नाही. त्याच राज्यात शाळांसाठीच्या सेवा आयोगानं २०१६ च्या परीक्षेतून केलेल्या पंचवीस हजारांवर नेमणुका सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये रद्द केल्या. भ्रष्टाचार विखुरलेला असतो तो आयोगात एका जागी गोळा होऊ शकतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच की एका जागी असलेला पकडता येतो. उमेदवारांचे गुण, मुलाखतीचे गुण आणि निवडीची कारणं त्याच दिवशी जाहीर करायची एवढी एक अट घातली तरी बराच फरक पडेल असं माझं मत आहे.

दुसरी अडचण मला माझ्याच एका माजी विद्यार्थ्यानं दाखवली. आता तो सरकारी नोकरीत चांगल्या हुद्द्यावर आहे. घरी आला होता. मी नेहमीचं भाषण सुरू केलं की गुण शिक्षकाच्या हातात हवेत वगैरे. त्यानं चहा खाली ठेवला. "सर, इंटर्नलला मला कायम वीसपैकी अकरा-बारा. विद्यापीठाच्या पेपरात वर्गात पहिला. तिथं उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो. बारकोडला माझं आडनाव दिसत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला अकरा-बारा देणाऱ्यांत मी नव्हतो, असं मनातल्या मनात म्हटलं. नंतर वाटलं, खात्रीनं म्हणता येईल का? ज्या परीक्षेला मी यंत्र म्हणून नावं ठेवतो तीच परीक्षा दलित-आदिवासी मुलाची, गावातल्या मुलीची, ज्याचा वर्गात कुणी मामा-काका नाही त्याची ढाल आहे. बाहेरच्या देशांतली व्यवस्था बघून आलेल्या माणसाच्या हे पटकन लक्षात येत नाही. सुधारणेच्या नावाखाली ही ढाल आधी काढून घेतली तर आपण त्यांच्यावर अन्याय करू.

म्हणून माझा मार्ग मधला आहे. प्रश्न शिकवणाऱ्यानं काढावा. उत्तरपत्रिका नाव झाकलेलीच राहावी. तपासावी शेजारच्या तीन-चार कॉलेजांतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांनी आपसांत, मॉडेल आन्सरवर नाही तर बरोबर बसून ठरवलेल्या निकषांवर. तपासलेली उत्तरपत्रिका प्रत्येक मुलाला दाखवावी. आज फोटोकॉपीसाठी अर्ज आणि पैसे लागतात, तसं नाही. विद्यापीठानं सगळे पेपर तपासायचं सोडून द्यावं आणि शंभरातले पाच उचलून फेरतपासणी करावी. ज्या कॉलेजाच्या गुणांत आणि फेरतपासणीत फार फरक येईल त्याचं नाव जाहीर करावं. वरच्या गणितात बहात्तर लाखांचे साडेतीन लाखांच्या आसपास येतात. एवढं काम कुठलंही विद्यापीठ नीट करू शकतं.

स्वायत्तता यानंतर. यूजीसीची स्वायत्त महाविद्यालयांची योजना सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून आहे, नवी नाही. मुंबई-पुण्यातल्या काही जुन्या कॉलेजांनी तिचं सोनं केलं, कारण त्यांच्याकडे आधीच कायम शिक्षक, ग्रंथालय आणि चांगल्या निकालाची पुण्याई होती. पण मी असंही स्वायत्त कॉलेज पाहिलंय जिथं अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ बदललं, आत विद्यापीठाचाच अभ्यासक्रम, आणि निकाल एका वर्षात साठ टक्क्यांवरून पंचाण्णववर गेला. सोबत दोन स्वयंअर्थसाहाय्यित, म्हणजे मुलांच्या फीवर चालणारे, कोर्स सुरू झाले, दोन्ही सीएचबीवर. युगांडातल्या माकेरेरे विद्यापीठात याच गोष्टीचा मोठा प्रयोग होऊन गेलाय. १९९२ च्या सुमारास तिथं फी भरणारे विद्यार्थी घ्यायला सुरुवात झाली, संध्याकाळचे वर्ग निघाले, दशक संपेपर्यंत सरकारी खर्चानं शिकणाऱ्यांपेक्षा फीवाले जास्त झाले. पैसा आला, इमारतींना रंग लागले. पण त्याच शिक्षकांवर वर्गांचा भार चढत गेला आणि शिकवण्याची प्रत उतरली, ही तक्रार तिथल्याच प्राध्यापकांनी केली. तुमच्या अध्यक्षांना 'कुणाच्या तोंडाकडे बघायला नको' असं वाटतं तेव्हा मला हे आठवतं.

संलग्नीकरणाची बाजू घेऊनही थोडं बोलतो, कारण ते मोडायचं म्हणणारे बहुतेक शहरात राहतात. रयत, श्री शिवाजी यांसारख्या संस्थांची कॉलेजं तालुक्यांत पोचली आणि विद्यापीठाची पदवी तिथल्या तिथं मिळायला लागली, म्हणून हजारो घरांतली पहिली मुलगी ग्रॅज्युएट झाली. एसटीनं सकाळी जाऊन दुपारी घरी येता येतं एवढ्याच अटीवर तिला परवानगी होती. तीनशे मुलांचं कॉलेज 'अव्यवहार्य' म्हणून बंद केलं तर ती वसतिगृहात जाणार नाही. तिचं लग्न होईल. लहान कॉलेजं बंद करू नका, जोडा. साताऱ्यात २०२१ ला आणि मुंबईत २०१९ ला समूह विद्यापीठं (काही कॉलेजं मिळून एक विद्यापीठ) निघाली, ती दिशा मला पटते. फक्त ती मोठ्या शहरी कॉलेजांपुरती राहू नये.

पैशाबद्दल थोडक्यात. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्चा म्हटलं, ते अजून झालेलं नाही, आणि तुमच्या-माझ्या लिहिण्यानं होणार नाही. पैसा किती याच्याइतकंच तो कसा येतो हे महत्त्वाचं आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो राज्यानं १९८९ पासून आपल्या तीन विद्यापीठांना राज्याच्या विक्रीकराचा ठरलेला वाटा बांधून दिला. १९९५ पासून तो ९.५७ टक्के आहे. दर वर्षी मंत्रालयात फाईल घेऊन फिरणं संपलं. तिथंही दुखणी आहेत. २०१४ च्या आसपास तिथल्या सगळ्यात मोठ्या विद्यापीठाचा पगाराचा खर्च या वाट्याच्याही वर गेला होता. पण ती दुखणी निदान त्यांची स्वतःची. आपल्याकडे एक पद भरायचं तर वित्त विभागाची मंजुरी, ना हरकत, जाहिरात, न्यायालयात दावा, स्थगिती, तोवर पद रिक्त. याला मी पैशाची टंचाई म्हणत नाही, याला अडवणूक म्हणतो.

माझं म्हणणं कुठे लागू पडणार नाही तेही सांगतो. फार्मसी, नर्सिंग, कायदा अशा अभ्यासक्रमांत सामाईक परीक्षा राहिलीच पाहिजे. तिथं चूक झाली तर तिसऱ्याच माणसाचं नुकसान होतं. विज्ञान शाखेत प्रयोगशाळेचा प्रश्न आधी येतो, परीक्षेचा मागून. आणि तुमच्या जिल्ह्यात शेजारची तीन कॉलेजं एकमेकांशी बोलतसुद्धा नसतील (दोन पुढाऱ्यांच्या संस्था असतील तर बोलत नाहीतच), तर आपसांत तपासणीची कल्पना कागदावरच राहील.

तुमच्या हातात सरकार नाही, दोन कॉलेजं आहेत, तेव्हा तिथलं बोलू. अध्यक्षांना सांगा की स्वायत्ततेचा अर्ज चार वर्षं थांबू दे. रिक्त पदांचा पाठपुरावा करा, आणि पुढच्या मुलाखतीच्या दिवशी देणगीचा विषय निघाला तर उठून जा. घरात भांडण होईल, होऊ दे. मंजुरी येईपर्यंत सीएचबीवाल्यांना संस्थेच्या फंडातून उन्हाळ्याचे दोन महिने तरी पैसे द्या. अंतर्गत गुण आजही तुमच्याच हातात आहेत. त्यात एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर गाईडात नाही, नावं झाका, दुसऱ्या कॉलेजातल्या शिक्षकाकडून तपासून घ्या, पेपर मुलांना परत द्या. याला कुणाचीही परवानगी लागत नाही. पहिल्या वर्षी गुण घसरतील, पालक येतील, तुम्ही प्राचार्यांच्या पाठीशी उभे राहा.

एक शेवटचं. संलग्नीकरणासाठी विद्यापीठाची चौकशी समिती येते, जिला सगळे एलआयसी म्हणतात. तशा समितीत मी एकदा एका कॉलेजात गेलो होतो. ग्रंथालय भरलेलं, कपाटं नवीन. सहज एक पुस्तक काढलं तर आत पन्नास किलोमीटरवरच्या दुसऱ्याच कॉलेजाचा शिक्का. तिसऱ्या पुस्तकातही तोच. मी समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. खाली पंगत वाढून झाली होती. जेवण झालं, शाल-श्रीफळ झालं, आणि अहवालावर 'ग्रंथालय समाधानकारक' या ओळीखाली मीही सही केली. तुमच्याकडे समिती येईल तेव्हा पुस्तकं कमी असली तरी चालतील, पण स्वतःची ठेवा. आणि शिक्का बघणारा कुणी निघालाच तर त्याला जेवायच्या आधी बोलू द्या.